मिहिरला परत आणा

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि थोड्याच काळात तुलसीचा नवरा मिहिर विरानी मेला. प्रेक्षक असे काही खवळले की एकता कपूर यांच्या बालाजी टेलिफिल्म्सला त्याला जिवंत करावं लागलं. मिहिर परतला, पण स्मृती हरवून. या प्रकाराला आजवर हसण्यावारीच नेलं गेलं आहे. मालिका बघणाऱ्या बायकांना खरं-खोटं कळत नाही, हा शेरा तर ठरलेलाच. मला तो पटत नाही. खऱ्या मृत्यूनंतर माणूस नशिबाला बोल लावतो. मिहिरच्या मृत्यूचा जाब मात्र थेट निर्मात्यांना विचारला गेला. गोष्ट रचणारं कुणीतरी आहे आणि ते ती फिरवू शकतं, हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय अशी मागणी कोण करील?

मग लाडक्या नटासाठीच हा आकांत होता, असं कुणी म्हणेल. मिहिर साकारणारा अमर उपाध्याय तेव्हा घराघरांत लाडका होता, हे खरंच. पण पुढे त्याने मालिका सोडली, त्याच्या जागी इंदर कुमार आला, नंतर रोनित रॉय. चेहरा दोनदा बदलला, तरी मिहिर २००८पर्यंत नांदला. म्हणजे नट बदललेला चालला, तुलसीच्या शेजारची जागा रिकामी राहिलेली चालली नाही.

मराठी प्रेक्षकाला मरण नवं नव्हतं. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सिंधू प्रत्येक प्रयोगात मरते. प्रेक्षक रडले, पण तिला वाचवा असं साकडं कुणी कंपनीला घातलं नाही. (गडकऱ्यांना घालणं तर शक्यच नव्हतं, नाटक रंगभूमीवर येण्याआधीच, जानेवारी १९१९मध्ये ते गेले होते.) नाटक संपतं, आणि त्या मरणाशिवाय ते पुरंही होत नाही. मालिकेला असा शेवट दिसत नाही. रोज ठरल्या वेळी, जेवणं उरकल्यावर घरात येणारा माणूस अचानक येईनासा होतो आणि बाकीचं कुटुंब मात्र दुसऱ्या दिवशीही समोर हजर असतं. इंग्लंडात १८९३ साली शेरलॉक होम्सला मारल्यावर कॉनन डॉयलने वाचकांचा रोष ओढवून घेतला, तोही मासिकातून पुनःपुन्हा भेटणाऱ्या माणसासाठीच. १९०३मध्ये डॉयलला त्याला परत आणावं लागलं.

या हट्टाने मालिकांचं नुकसान केलं, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. अमेरिकेत ‘डॅलस’मधला बॉबी १९८५मध्ये मेला आणि पुढच्या वर्षी चक्क न्हाणीघरात अंघोळ करताना सापडला, मधला अख्खा हंगाम स्वप्न ठरला. आपल्याकडेही मिहिरनंतर मालिकेतल्या चितेवर कुणी सहजी विश्वास ठेवीना. तरी दोष एकट्या प्रेक्षकाच्या माथी कसा मारायचा? टीआरपीसाठी मारणारे आणि टीआरपीसाठीच उठवणारे तेच होते. २०२५मध्ये ही मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा स्मृती इराणींच्या तुलसीशेजारी मिहिर म्हणून अमर उपाध्यायच उभा होता.