नकाशाला रंग कोण देतो? पॅरिसपासून बेळगावपर्यंत

  आजवर आपण लढायांवर बोललो, किल्ल्यांवर बोललो. आजचा विषय आहे जिल्हे फिकट-गडद रंगांनी भरलेला नकाशा. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर दिसतो तो. शाळेच्या भूगोलात त्याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात.

आठवून पाहा. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने देशातले ७३३ जिल्हे तीन रंगांत वाटले. १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. आमचे जयपूर लालमध्ये, मुंबई-पुणेही लालमध्ये. तुमच्या गल्लीत एकही रुग्ण नसला तरी जिल्हा लाल म्हणून तुमचे दुकान बंद. रंग जिल्ह्याला लागला होता, माणसाला नव्हे. पण भोगायचे होते माणसाला.

आजच्या भागाचे सार एवढेच, की असा नकाशा रंगण्याआधी तीन गोष्टी कुणीतरी ठरवलेल्या असतात. मोजायचे काय? कोणत्या एककावर मोजायचे, म्हणजे जिल्हा, तालुका की गाव? आणि रंग कोणत्या आकड्याला बदलायचा? पूर्वी हे माणूस ठरवत असे, आता संगणकाच्या प्रोग्राममधल्या दोन-तीन ओळी ठरवतात. परिणाम मात्र पूर्वीइतकाच खरा असतो. आपल्या सीमाभागाने तो सत्तर वर्षे भोगला आहे.

सुरुवात फ्रान्सपासून करू. शार्ल द्यूपँ हा नौदलाचा अभियंता आणि गणिती. १८२६ साली पॅरिसच्या एका व्याख्यानात त्याने फ्रान्सचा एक नकाशा मांडला. एका शाळकरी मुलामागे किती रहिवासी, हा आकडा त्याने प्रत्येक प्रांतासाठी काढला. जिथे शिक्षण कमी तो प्रांत काळा, जिथे जास्त तो उजळ. या पद्धतीचा हा पहिला नकाशा मानला जातो. नकाशा समोर येताच फ्रान्सचे जणू दोन तुकडे दिसले. पश्चिमेला साँ-मालो बंदरापासून पूर्वेला जिनिव्हापर्यंत रेघ मारा. वर उजळ फ्रान्स, खाली अंधारा फ्रान्स. आकड्यांच्या तक्त्यात जे कुणी पाहिले नव्हते ते एका कागदावर दिसले, आणि त्यावर अनेक वर्षे वाद झाला.

उत्तर शिकलेले आणि दक्षिण अडाणी, तर गुन्हेही दक्षिणेतच जास्त असणार, असे लोकांनी गृहीत धरले. १८२९ साली आंद्रे-मिशेल गेरी आणि आद्रियानो बाल्बी यांनी एकाच कागदावर तीन नकाशे छापले: एक शिक्षणाचा, एक माणसांवरच्या हल्ल्यांचा, एक मालमत्तेच्या गुन्ह्यांचा. शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले, की चोरी-लबाडीचे गुन्हे शिकलेल्या उत्तरेत अधिक आहेत. एका नकाशाने तयार केलेला समज दुसऱ्या नकाशाने मोडला. म्हणून एकच रंगीत नकाशा दाखवून कुणी निष्कर्ष काढू लागला, तर दुसरा मागायचा.

पुढे १९३८ साली जॉन कर्टलंड राइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने या प्रकाराला ‘कोरोप्लेथ’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये ‘कोरोस’ म्हणजे जागा आणि ‘प्लेथोस’ म्हणजे संख्या, समुदाय. नाव देणाऱ्यानेच या नकाशांबद्दल सावध केले होते. जिल्हा एका रंगाने भरला की वाचणाऱ्याला वाटते, सगळा जिल्हा आतून सारखाच आहे. प्रत्यक्षात तसा तो कधीच नसतो.

आता आजच्या पद्धतीकडे येऊ. हल्ली कॉलेजातली मुले पायथॉन भाषेत जिओपांडास नावाची तयार साधने वापरून असा नकाशा पाच मिनिटांत काढतात. काम चार पायऱ्यांचे. हद्दींची फाईल उघडायची; त्यात प्रत्येक जिल्ह्याचा आकार अक्षांश-रेखांशांत असतो. आकड्यांचा तक्ता उघडायचा. दोन्हींत समान असलेल्या खुणेवर, म्हणजे नावावर किंवा सांकेतिक क्रमांकावर, त्यांची जुळणी करायची. मग सांगायचे, या रकान्याप्रमाणे रंग भर.

सोपे वाटते ना? राजस्थानच घ्या. २०११ च्या जनगणनेत राजस्थानचे जिल्हे ३३. २०२३ मध्ये ते ५० झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यातले नऊ रद्द होऊन ४१ राहिले. आज नव्या हद्दींची फाईल घेतली आणि २०११ चे आकडे जोडले, तर नव्या जिल्ह्यांना आकडाच मिळत नाही, आणि जुन्या जिल्ह्यांचा आकडा आक्रसलेल्या हद्दीवर बसतो. नावांचाही घोळ असतो. एका फाईलमध्ये धौलपूर, दुसऱ्यात धोलपूर. आपल्या डोळ्यांना एकच गाव, यंत्राला दोन. जुळणीची साधी आज्ञा दिली तर न जुळलेला जिल्हा गुपचूप गळून पडतो. यंत्र ओरडत नाही. नकाशात एक भोक दिसते, आणि घाईत असलेल्याला तेही दिसत नाही. म्हणून नावावर न जुळवता जनगणनेच्या सांकेतिक क्रमांकावर जुळवावे, आणि जुळणीआधी व नंतर जिल्हे मोजावेत. सैन्यात गस्त परतली की आधी डोकी मोजतात, तसेच.

दुसरी गोष्ट, मोजायचे काय. २०११ मध्ये जयपूर जिल्ह्यात ६६ लाख लोक होते, ११,१४३ चौरस किलोमीटरमध्ये. जैसलमेरमध्ये ६ लाख ७० हजार, ३८,४०१ चौरस किलोमीटरमध्ये. माणसे एक दशांश, पण कागदावर जागा तिपटीहून अधिक. डोळ्याला जैसलमेरचाच रंग आधी दिसतो. म्हणून या नकाशात नुसती संख्या भरू नये, दर भरावा. घनता, टक्केवारी, हजारी प्रमाण, काहीही. भागाकार न करता रंगवलेला नकाशा बहुधा वाळवंट मोठे असल्याचेच सांगतो.

तिसरी गोष्ट, रंग कुठे बदलायचा. राजस्थानात घनता जैसलमेरच्या १७ पासून जयपूरच्या ५९५ पर्यंत जाते. या अंतराचे पाच सारखे भाग केले, तर सर्वांत गडद रंगात फक्त जयपूर आणि भरतपूर येतात. त्याऐवजी प्रत्येक रंगाला सारखेच जिल्हे द्यायचे ठरवले, तर दौसा, अलवर, धौलपूर, कोटा, झुंझुनू हेही गडद होतात. आकडे तेच, जनगणना तीच. प्रोग्राममधला एक शब्द बदलला आणि पाच जिल्हे ‘दाटीचे’ झाले. पाच गट करायचे, हेसुद्धा बहुधा साधनाने आधीच ठरवून ठेवलेले असते. कुणी विचारत नाही, पाचच का?

हे सगळे लक्षात ठेवून आता बेळगावला जाऊ. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर तिथे आहे, त्यामुळे आम्हा मराठी फौजींना ते शहर परके नाही. पण मी आज भावनेने बोलणार नाही, नकाशाच्या अंगाने बोलणार आहे.

डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. अध्यक्ष फाजल अली, सदस्य हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर. सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल आला. त्यात बेळगाव जिल्ह्याच्या तालुक्यांचे मराठी भाषकांचे आकडे आहेत. चंदगड ९२.४ टक्के. खानापूर ५३.९ टक्के. बेळगाव शहरासह बेळगाव तालुका ५१.४ टक्के. आयोगाने चंदगड वगळून बाकीचा जिल्हा कर्नाटकाकडे द्यावा असे म्हटले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसेच झाले.

आता आपल्या तीन प्रश्नांनी हा नकाशा पुन्हा रंगवू. एकक जिल्हा धरला, तर अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात कन्नड भाषक बहुसंख्य. सगळा जिल्हा एका रंगाचा, वाद संपला. एकक तालुका धरला आणि ५० टक्क्यांना रंग बदलला, तर चंदगड, खानापूर, बेळगाव तिन्ही मराठी रंगात येतात. एकक तालुकाच ठेवला, पण दोन रंगांऐवजी छटा दिल्या, तर चंदगड गडद दिसते आणि बाकीचे दोन मधल्या छटेत जातात. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा पाया धरला, आणि खानापूर-बेळगावचे बहुमत अल्प म्हणून पुरेसे मानले नाही. म्हणजे आयोगाची रेषा ५४ आणि ९२ यांच्यामध्ये कुठेतरी होती. महाराष्ट्राची रेषा होती ५० वर. आकड्यांबद्दल या ठिकाणी भांडण नव्हतेच. भांडण होते एककाचे, आणि रंग कुठे बदलायचा याचे.

महाराष्ट्राचे म्हणणे पुढे चार मुद्द्यांत मांडले गेले: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषक बहुमत आणि लोकेच्छा. हे काही हवेतून काढलेले नव्हते. आंध्र प्रदेश आणि मद्रास यांच्या हद्दीच्या वादात हरि विनायक पाटसकर या मराठी कायदेपंडिताने मध्यस्थी केली होती, ती खेडे हा घटक धरूनच. १९५९ च्या कायद्याने ती हद्द बदललीही. तिथे चालले ते इथे का नाही, हा सीमाभागाचा प्रश्न.

यातला सलगतेचा मुद्दा प्रोग्राम लिहिणाऱ्याला लगेच कळेल. गाव हा घटक धरून नकाशा रंगवला, की तो वाघाच्या अंगासारखा सरळ पट्ट्यांचा होत नाही, चित्त्याच्या कातडीसारखा ठिपक्यांचा होतो. मराठी गावाला चहूबाजूंनी कन्नड गावे, कन्नड गावाला मराठी. राज्य ठिपक्यांचे करता येत नाही. म्हणून कोणते गाव कोणत्या गावाला लागून आहे हे तपासावे लागते. एकक जितके लहान घ्याल तितका नकाशा खरा होतो, आणि तितकी सरळ हद्द आखणे अवघड होते. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

२५ ऑक्टोबर १९६६ रोजी माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. महाराष्ट्राचा दावा ८१४ गावांचा आणि बेळगाव शहराचा होता. १९६७ च्या अहवालात महाजनांनी निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर कर्नाटकाला सुचवले; शिवाय जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली गावे कर्नाटकाकडे. कर्नाटकाने तो अहवाल उचलून धरला, महाराष्ट्राने फेटाळला. संसदेने कायद्याने केलेली वाटणी अंतिम आहे, हे कर्नाटकाचे म्हणणे. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मधल्या काळात १९५६ साली जन्मलेले मूल माझ्यासारखे पेन्शनवर गेले.

आज एखाद्या विद्यार्थ्याने हा नकाशा काढायला घेतला, तर राजस्थानात जे झाले तेच त्याला इथे दिसेल. १९५१ च्या जनगणनेत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते, आज ते कोल्हापुरात आहे. आजच्या हद्दींवर १९५१ चे आकडे टाकले, तर ज्या तालुक्यावरून निकाल कळतो तोच भलत्या जिल्ह्यात जाईल. २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी आहे, तेव्हा नावावरची जुळणीही चुकेल. जुने आकडे जुन्या हद्दींवरच रंगवावेत, हा नियम घोकून ठेवा.

सैन्यात नकाशावाचनाच्या पहिल्या तासाला सांगतात, आधी समास वाच. मोजपट्टी काय, सर्वेक्षण कोणत्या वर्षीचे, चिन्हांचा अर्थ काय. मग डोंगर-नद्या बघ. रंगीत नकाशालाही तोच नियम लावा. खाली एकक, वर्ष, भागाकार आणि गटांच्या सीमा लिहिलेल्या नसतील, तर तो पुरावा म्हणून स्वीकारू नका. आणि तुम्ही स्वतः काढत असाल, तर तोच आकडा जिल्हा, तालुका आणि गाव अशा तिन्ही एककांवर काढून शेजारी शेजारी ठेवा. गेरी आणि बाल्बींनी १८२९ मध्ये हेच केले: एकाच कागदावर तीन नकाशे, निष्कर्ष वाचणाऱ्याच्या हाती. बेळगाव, खानापूर, निपाणीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मराठी असो वा कन्नड, तिन्ही नकाशे समोर ठेवून बोलावे, एवढीच माझी मागणी आहे.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. जय हिंद.