व्यायामशाळेचा अल्पमुदतीचा पास : दर कसा ठरवावा?

डोणगाव (ता. मेहकर) : दिवाळीत वा उन्हाळी सुटीत पुण्या-मुंबईहून गावी येणाऱ्या तरुणांना आठ-पंधरा दिवसांपुरती व्यायामशाळा हवी असते. त्यांच्याकडून पूर्ण महिन्याचे शुल्क घेणे अन्यायाचे ठरते. मात्र दर फारच उतरविला, तर नियमित सभासदही रोजच्या पासाकडे वळतात. जागेचे भाडे, वीजबिल व प्रशिक्षकाचे मानधन चालकाला दरमहा द्यावेच लागते.

उदाहरणादाखल, मासिक शुल्क ६०० रुपये व व्यायामाचे दिवस २६ धरल्यास सभासदाला एक दिवस सुमारे २३ रुपयांना पडतो. पाहुण्यालाही हाच दर लावला, तर मासिक सभासदत्वाला अर्थ उरत नाही. रोजचा दर ५० रुपये ठेवल्यास बाराव्या दिवशी मासिक शुल्काएवढी रक्कम होते. साप्ताहिक पास २५० रुपयांचा असल्यास दोन आठवड्यांचे ५०० रुपये होतात. तिसरा आठवडा राहणाऱ्यास मासिक शुल्कच परवडते.

व्यायामशाळांच्या सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकास सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही. नोंदणी नसलेल्या चालकाला ग्राहकाकडून जीएसटी वसूल करता येत नाही.

दरपत्रक दर्शनी भागात लावणे श्रेयस्कर. लहान गावात ओळख पाहून दर बदलला, तर ती बाब नियमित सभासदांपासून लपून राहत नाही.