एबीएसच्या पिवळ्या दिव्याची गोष्ट

मंडळी, या वीकेंडला सॉफ्टवेअर बाजूला. विषय थोडा ग्रीस-ऑइलचा आहे :)

नव्या बाईकची किल्ली फिरवली की मीटरवर एबीएस लिहिलेला एक पिवळा दिवा लागतो. गाडी पाच-दहाच्या स्पीडला गेली की विझतो. आपण कधी त्याच्याकडे बघतही नाही. बघतो तेव्हा, जेव्हा तो विझत नाही. यावर आमच्याकडच्या एका गॅरेजात ऐकलेला उपाय असा: "काही नाही होत ना भाऊ, ब्रेक तर लागूनच राह्यला. वायर काढून टाकतो, दिवा गायब."

गंमत म्हणजे त्याचं अर्धं वाक्य अगदी बरोबर आहे. ब्रेक खरंच लागतो. पण उरलेलं अर्धं का चुकीचं आहे हे कळायला थोडं मागे जावं लागेल. चांगलं सत्तर वर्षं मागे.

एबीएस जन्मला विमानासाठी. धावपट्टीवर उतरताना पायलटने जोरात ब्रेक दाबला की चाक जाम व्हायचं, टायर घासून फुटायचा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने यावर 'मॅक्सारेट' नावाचं यंत्र काढलं. त्यात कॉम्प्युटर नाही, सर्किट नाही. विमानाच्या चाकाला टेकून फिरणारं एक छोटं रबरी चाक आणि त्याच्या आत एक फ्लायव्हील. मोठं चाक अचानक मंद झालं तरी फ्लायव्हील आपल्या वेगात फिरतच राहायचं आणि त्या फरकाने एक व्हॉल्व्ह उघडून ब्रेकचं प्रेशर कमी व्हायचं. चाक पुन्हा फिरायला लागलं की प्रेशर परत. बास, एवढंच! मेकॅनिकलवाल्या मित्रांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.

१९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हेच यंत्र एका मोटरसायकलवर बसवून बघितलं. मोटरसायकल कोणती? रॉयल एनफील्ड सुपर मीटिऑर. हो, तीच एनफील्ड. निसरड्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर काही चाचण्यांत ३० टक्क्यांपर्यंत कमी झालं. पण कंपनीच्या तांत्रिक संचालकांना त्यात फारसं भविष्य दिसलं नाही आणि ते काही उत्पादनात गेलं नाही.

आता त्या माणसाला आज नावं ठेवणं सोपं आहे. मला मात्र त्याची भूमिका समजते. कारमध्ये चाक जाम झालं तर कार घसरते. बाईकचं पुढचं चाक जाम झालं तर आपण रस्त्यावर. असा ब्रेक यंत्राच्या ताब्यात द्यायचा, तर ते यंत्र बिघडलंय हे चालवणाऱ्याला कळणार कसं? मॅक्सारेट बिचारं चांगलं काम करायचं, पण "मी आज ठीक नाही" असं सांगायची सोय त्याच्याकडे नव्हती.

ती सोय इलेक्ट्रॉनिक्सने आणली. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं आणि दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के१०० या मोटरसायकलवरही इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं, पण ते बॉशचं नव्हतं. बाईकवरच्या त्या पहिल्या सिस्टिमचं वजन तब्बल ११ किलो होतं (म्हणजे मागे लोखंडी पाटा बांधून फिरल्यासारखं!). नंतर ते घटत गेलं. बॉशच्या नवव्या पिढीचं युनिट जेमतेम ७०० ग्रॅमचं होतं, तेव्हा कुठे ते दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांना परवडण्यासारखं झालं. आपल्याकडे २०११ मध्ये टीव्हीएस अपाचे आरटीआर १८० आणि होंडा सीबीआर २५०आर यांच्या एबीएसवाल्या आवृत्त्या आल्या. पुढे सरकारने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं केलं: नव्या मॉडेल्सना १ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या चालू मॉडेल्सना १ एप्रिल २०१९ पासून. तेव्हा भारतातल्या रॉयल एनफील्डच्या झाडून सगळ्या मॉडेल्सवर ते आलं. १९५८ ते २०१९. हिशोब तुम्हीच करा.

आता दिव्याकडे. चाकावर खाचा असलेली एक चकती असते आणि शेजारी सेन्सर. खाचा किती वेगाने सरकतात त्यावरून चाकाचा वेग कळतो. सोबतचा छोटा कॉम्प्युटर हे आकडे सतत बघतो, आणि स्वतःलाही तपासत राहतो. सेन्सरकडून सिग्नल नाही, बॅटरीचं व्होल्टेज कमी, फ्यूज गेला, आकडे पटत नाहीत... यातलं काहीही झालं की तो एक शहाणपणाची गोष्ट करतो. बाजूला होतो. ब्रेक जुन्या साध्या ब्रेकसारखा होतो आणि दिवा लागतो. आपल्या भाषेत ग्रेसफुल डिग्रेडेशन. आंतरराष्ट्रीय नियमातही या दिव्याचं वागणं ठरलेलं आहे: रंग पिवळा, किल्ली फिरवल्यावर लागायचा, तपासणी झाल्यावर विझायचा आणि बिघाड असेल तर लागून राहायचा. १९५८ साली जे नव्हतं ते हेच.

वऱ्हाडात हे जरा जास्तच महत्त्वाचं आहे. अमरावती-अकोला रस्ता आठवा. खड्ड्यांनी वर्षानुवर्षं पाठीचे मणके मोजून घेतले राजेहो! मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना भागात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज रेकॉर्ड झालं. रस्ता गुळगुळीत झाला, की स्पीड वाढणारच. आणि कडेला आहे आपली काळी माती. पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर तिचे गोळे डांबरावर सोडत जातो. त्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच दिवा लागला तर घाबरायचं नाही, पण ऐकायचं. गाडी कडेला घ्या, किल्ली बंद करून परत चालू करा, थोडं अंतर सरळ चालवून बघा. विझला तर ठीक. मेन स्टँडवर लावून चेनला ऑइल देताना मागचं चाक फिरवलं तरी हा दिवा लागू शकतो. एक चाक पळतंय आणि दुसरं उभं, हे कॉम्प्युटरला पटत नाही. तो बिघाड नव्हे. नाहीच विझला तर फ्यूज, बॅटरी आणि सेन्सरची वायर बघा. नुसत्या चिखलाने सेन्सर सहसा आंधळा होत नाही, माती काही चुंबक नाही. पण वाळून घट्ट झालेला गोळा वायर ओढतो, चकती वाकवतो. प्रेशर वॉशचं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं ते वेगळंच. पुढचं काम फॉल्ट कोड वाचणाऱ्या वर्कशॉपचं. तोवर ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं.

जून २०२५ मध्ये सरकारने लहान दुचाक्यांनाही एबीएस लावायचा मसुदा काढला. पण तो नव्या गाड्यांचा झाला. ज्यांना सेकंडहँड घ्यायची आहे त्यांनी किल्ली फिरवल्यावर तो पिवळा दिवा लागतो का ते आधी बघा. लागलाच नाही, तर विकणाऱ्याला विचारा की वायर कुणी काढली.