एक अंगण, चार राज्यं आणि एक जुनी मोटारसायकल

महाल, सीताबर्डी किंवा धंतोलीतल्या जुन्या घरांच्या मागच्या अंगणात पावसाळ्याआधी आवराआवर निघते, तेव्हा मोडका कूलर आणि खसाच्या वाळक्या ताट्या बाजूला झाल्यावर कधीकधी ताडपत्रीखालून एक मोटारसायकल बाहेर येते. दोन्ही टायर बसलेले, सीटचा स्पंज उंदरांनी कुरतडलेला, टाकीवरचं क्रोम काळवंडलेलं. कबाडी ती वजनावर मागतो. घरातल्या एखाद्याला मात्र तिच्या टाकीवर बसून शाळेत गेल्याचं आठवतं, आणि तिथून पुढे वर्ष-दोन वर्षं चालणारं काम सुरू होतं.

त्या कामात पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्यावा लागतो. नागपुरातल्या जुन्या गाडीचा कागद हा एक छोटा इतिहासच असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर विकत घेतलेली मोटारसायकल नोंदवली गेली तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, म्हणजे सीपी अँड बेरारची राजधानी होती. २६ जानेवारी १९५०पासून त्याच प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात आला. चौदा वर्षांत गाडीनं अंगण सोडलं नाही, तरी ती चार नावांच्या मुलुखात राहून झाली. त्यामुळे १९५२ साली नागपुरात नोंदवलेल्या गाडीच्या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारचं नाव दिसलं तर दचकायचं कारण नाही. कागद खरा आहे. एमएच-३१ ही आजची ओळख तर फार उशिराची. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला लागू झाला आणि १९३९चा जुना कायदा मागे पडला, त्या बदलाच्या सुमारास ही पद्धत आली. पुढे ग्रामीणसाठी एमएच-४० आणि शहराच्या पूर्व भागासाठी एमएच-४९ अशी विभागणी झाली.

ही यंत्रं इथवर आली कशी? सगळ्यात जुनी वाट युद्धाची. ब्रिटिश फौजेनं बीएसए एम-२० ही ४९६ सीसीची साइड-व्हॉल्व्ह गाडी लाखाच्या वर घेतली होती. नॉर्टन १६-एच आणि मॅचलेस जी-३ यांचीही संख्या मोठी होती. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेलं लष्करी सामान लिलावात निघालं आणि त्यात अशा मोटारसायकलीही होत्या. जड, संथ, पण कसल्याही पेट्रोलवर आणि कसल्याही रस्त्यावर चालणाऱ्या या गाड्या बांधल्याच होत्या मैदानात उघडता-जोडता येतील अशा. हा गुण पुढे फार उपयोगी पडला.

दुसरी वाट परदेशी चलनाच्या टंचाईची. पन्नाशीच्या दशकात सरकारनं तयार गाड्यांच्या आयातीवर बंधनं आणली. ज्याला इथे विकायचं आहे त्यानं इथेच बनवावं, असं धोरण आलं. मुंबईत रुस्तम आणि फारूख इराणी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली आणत होते. आयात अवघड झाल्यावर त्यांनी म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा हा कारखाना काढला, आणि १९६१पासून तिथे जावा बनू लागली. इकडे भारतीय लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० रॉयल एनफील्ड बुलेट मागवल्या होत्या. त्या मागणीच्या जोरावर १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सोबतीनं एनफील्ड इंडिया उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले सुटे भाग तिरुवोट्टियूरला जोडले जायचे, मग गाडीच पूर्ण इथे घडू लागली. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून १७५ सीसीची राजदूत आणली. दूधवाल्याचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून खेड्यातून शहरात येणारी राजदूत विदर्भातल्या कित्येकांना आठवत असेल. महाराष्ट्रात पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर बनत होती आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत.

वर्षानुवर्षं थांबून मिळालेली वस्तू कोणी सहज टाकून देत नाही. जुन्या मोटारसायकली टिकल्या त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कारखान्याच्या दर्जाला त्याचं श्रेय त्यामानानं कमी. नवी मिळतच नसे, म्हणून जुनी दुरुस्त व्हायची. पिस्टन झिजला की सिलिंडर खरादवाल्याकडे जायचं, पहिला बोर व्हायचा, मोठा पिस्टन बसायचा; काही वर्षांनी दुसरा बोर. केबल तुटली तर शेंडा झाळून पुन्हा लावायची. या सक्तीच्या काटकसरीतून गावोगावी मिस्त्रींची एक पिढी तयार झाली. आज अंगणातली गाडी सुरू होते, ती त्या पिढीच्या हातात अजून थोडं कसब शिल्लक आहे म्हणून.

मग त्या अंगणात का पडल्या? १९८५च्या आसपास जपानी कंपन्यांशी करार करून आलेल्या १०० सीसीच्या गाड्यांनी सगळं बदललं. हीरो होंडाची चारस्ट्रोक गाडी एका लिटरमध्ये जेवढं अंतर कापायची, तेवढ्यासाठी जावाला किंवा राजदूतला कितीतरी जास्त पेट्रोल लागायचं, वर त्यात ऑइल मिसळायचं ते वेगळंच. पुढे धुराचे नियम कडक झाले. म्हैसूरचा कारखाना, जो सत्तरच्या दशकात जावाऐवजी येझ्दी या नावानं गाड्या काढू लागला होता, १९९६ला बंद पडला. सुटे भाग मिळेनात. एक दिवस किक बसेना, पुढच्या रविवारी बघू म्हणत गाडी मागे ढकलली गेली, आणि तो रविवार पंचवीस-तीस वर्षांनी येतो.

नागपूरची हवा या बाबतीत एका हातानं देते आणि दुसऱ्यानं काढून घेते. समुद्राची खारी हवा नसल्यानं इथलं लोखंड मुंबई-कोकणापेक्षा बरं राहतं. चासीला भोकं पडलेली गाडी क्वचित निघते. पण मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि तसे तीस उन्हाळे रबराला सोसत नाहीत. टायरना भेगा, पेट्रोलच्या नळीचा दगड, इंजिनातल्या ऑइल-सीलची लवचीकता गेलेली. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या तळाशी चिकट तपकिरी लाख उरते. तिनं जेटचं सुईएवढं भोक बुजलेलं असतं.

पहिली चूक इथेच होते. उत्साहाच्या भरात कुणीतरी किकवर उडी मारतो. इंजिन जाम असेल तर पिस्टन हलत नाही, तुटतो तो किकचा शाफ्ट. जाणता मिस्त्री आधी प्लग काढतो, त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडतो आणि गाडीला चार-आठ दिवस हात लावत नाही. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे, केसभर, हलवून बघतो. त्या दिवशी नाही सुटलं तर पुन्हा डिझेल. रिंगांना सिलिंडरची भिंत सोडायला वेळ लागतो आणि तो वेळ जोर लावून कमी होत नाही. ज्या क्षणी चाकासोबत आतून ओलसर घासल्याचा आवाज येतो, त्या क्षणी मिस्त्रीला पुढचं सगळं काम दिसू लागतं.

जावाचं इंजिन दिसायला साधं आहे: एकच सिलिंडर, २५० सीसी, पण धूर जायला दोन नळ्या आणि दोन सायलेन्सर. किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर. हेडलाइटच्या डोक्यावर खिळ्यासारखी चावी बसते. एवढं सुटसुटीत यंत्र, तरी त्याच्या दोन ऑइल-सीलनी अनेकांना रडवलंय. टूस्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँकखालच्या खोलीत दाबलं जातं. ती खोली हवाबंद नसेल तर इंजिन श्वासच नीट घेऊ शकत नाही. डायनॅमोच्या बाजूचं सील कडक झालं तर तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पुन्हा धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि दोन्ही सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट. रंग झाला, क्रोम झालं, फोटोही काढले, पण सील तशीच ठेवली, अशी गाडी महिनाभरात परत अंगणात जाते. रंगाआधी इंजिन, हा क्रम ज्यांनी पाळला त्यांच्याच गाड्या आज रस्त्यावर दिसतात.

क्रँक उघडायची वेळ आली की काम गॅरेजच्या बाहेर जातं. कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग बदलायचं तर क्रँक प्रेसखाली घालून वेगळी करावी लागते आणि पुन्हा जोडताना दोन्ही बाजू एका रेषेत आणाव्या लागतात. खरादवाला ती दोन टोकांवर टेकवून फिरवतो, डायल गेजचा काटा बघतो, मग तांब्याच्या हातोडीचा एक हलका ठोका देतो, परत फिरवतो. काटा थरथरायचा थांबेपर्यंत हे चालतं. असं काम जमणारे हात थोडे आहेत आणि त्यातले बरेच साठीपुढचे. सुटा भाग परदेशातून मागवता येतो. हा ठोका मागवता येत नाही. त्यांच्याजवळ बसून शिकणारी पोरं नसतील, तर आणखी वीस वर्षांनी चांगल्या चासीच्या गाड्याही शोभेच्या वस्तू होतील, ही काळजी खरी आहे.

भाग शोधणं हा स्वतंत्र छंद आहे. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी अशी वस्त्यांना बाजारवारांचीच नावं असलेल्या या शहरात जुनं सामान हिंडून शोधायची सवय लोकांना नवी नाही. नागपुरात नाही मिळालं तर मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार. शोधताना पान्यांचीही माहिती असावी लागते. जावाला मिलिमीटरचे पाने लागतात, तर जुन्या बुलेटला आणि युद्धकाळच्या बीएसएला इंची पाने. चुकीचा पाना लावून नटाचे कोपरे गोल केले की पुढे छिन्नी-हातोडाच उरतो. गंजलेल्या टाकीसाठी मात्र जुना घरगुती उपाय अजून चालतो: आत लिंबूसत्त्वाचं पाणी आणि मूठभर लहान नट घालून टाकी हलवत राहायची, मग धुऊन लगेच वाळवायची.

या सगळ्या धडपडीला कायद्यानं ओळख दिली ती २०२१मध्ये. नागपूरचे खासदार नितीन गडकरी ज्या खात्याचे मंत्री आहेत, त्या केंद्रीय रस्ते वाहतूक खात्यानं जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात ठेवलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते; रोज ऑफिसला नेता येत नाही. ज्याला रोज चालवायची आहे त्यानं नेहमीच्या मार्गानं नोंदणी वाढवून घ्यावी. मूळ रूपाची अट आली हे फार बरं झालं. जावाची टाकी कापून तिला भलतंच रूप देण्याचा मोह त्यामुळे थोडा तरी आवरेल, आणि क्रोमच्या कडेनं हातानं ओढलेली सोनेरी रेघ पुन्हा हातानंच ओढणारा रंगारी शोधला जाईल.

आणि मग ती सकाळ. समजा, गाडी साठच्या दशकातली बुलेट आहे. ३४६ सीसी, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. चावी फिरवायची आणि किक हळूच दाबत अँपिअर मीटरकडे बघायचं. काटा डावीकडे झुकतो, दाबत राहिलं की पॉइंट उघडतात आणि काटा मध्यावर येतो. तिथे थांबायचं. डाव्या हातानं डीकॉम्प्रेसर ओढून किक जराशी पुढे सरकवायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण दाब, अर्ध्यात न सोडता. अर्ध्यात सोडली तर किक उलटी येऊन नडगीवर बसते. इंजिन धरलं की पहिला धूर ऑइलचा असतो, तो निवळतो, आणि आवाज लांब लांब अंतरानं पडू लागतो.

नव्या बोरच्या गाडीला लगेच पळवत नाहीत. ऊन चढायच्या आत सेमिनरी हिल्सच्या बाजूनं फुटाळ्यापर्यंत आणि परत, चढावर गिअर खाली, एकाच वेगात फार वेळ नाही. घरी आल्यावर इंजिन गार होऊ द्यायचं आणि मगच हात लावायचा. पहिले काही शे किलोमीटर झाले की ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर ओततात आणि फडकं उन्हात धरून तिरपं करतात. त्यात धातूची बारीक चमक किती दिसते, यावर पुढच्या वेळी गाडी वर्धा रोडनं लांब न्यायची की पुन्हा खोलायची हे ठरतं.