हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग : हृदयक्रिया व प्राणवायू-पुरवठ्याच्या वादाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेच्या इतिहासात वेदनामुक्तीइतकाच भुलेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेवेळी दगावली. अशा मृत्यूंत आधी श्वास थांबतो की हृदय, हा वाद तेव्हापासून सुरू झाला. या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय निजामाच्या हैदराबादेत घडला. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. प्रस्तुत लेखात या अध्यायाचा आढावा घेतला आहे.

दोन आयोग :
हैदराबाद येथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिनबरोचे शल्यविशारद साइम यांचे शिष्य होते. भूल देताना नाडीकडे नव्हे, तर श्वासाकडे लक्ष द्यावे, हा गुरूंचा नियम त्यांनी काटेकोरपणे पाळला. १८८८ साली पहिल्या आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग करून हृदयापूर्वी श्वसन थांबते, असा निर्वाळा दिला. लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने १,००० पौंड देऊन त्या नियतकालिकाचा प्रतिनिधी पाठविण्याची विनंती केली. त्यानुसार १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडू शकते, असे त्यांचे पूर्वीचे मत होते. परंतु शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांनंतर तेही लॉरींशी सहमत झाले. भुलेखाली रक्तदाब उतरणे हे स्वतः धोकादायक नाही, असेही या आयोगाने मानले.

याच काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी पुढे क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात झाल्या. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

निष्कर्षातील उणीव :
१८९३ मध्ये गॅस्केल व शोअर यांनी क्लोरोफॉर्म हृदयाला थेट दुर्बल करतो, असे प्रयोगाने दाखविले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून आणखी एक बाब पुढे आणली. भूल हलकी असताना अॅड्रेनॅलिन दिल्यास हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते क्षणात बंद पडते. घाबरलेल्या रुग्णाच्या शरीरात हेच द्रव्य आपोआप स्रवते. हॅना ग्रीनरही शस्त्रक्रियेपूर्वी अत्यंत भेदरलेली होती. हैदराबादेत मुख्यतः भूल अतिप्रमाणात वाढवत नेली गेली. त्या स्थितीत श्वास आधी थांबणे स्वाभाविकच होते. प्रयोग खोटे नव्हते, परंतु त्यांवरून काढलेला नियम त्यांच्या कक्षेबाहेर नेण्यात आला.

आजच्या ज्ञानाचा प्रकाश :
ऊतींना मिळणारा प्राणवायू हृदयाने पुढे ढकललेले रक्त, त्यातील हिमोग्लोबिन आणि फुप्फुसांतून मिळालेला प्राणवायू या तिन्हींवर अवलंबून असतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त प्रामुख्याने ठोक्यांमधील विश्रांतीच्या काळात मिळते. म्हणून रक्तदाब फार उतरला किंवा ठोके फार जलद झाले, तर हृदयाचाच पुरवठा तुटतो. १९५६ पासून वापरात आलेले हॅलोथेन हृदयाचे आकुंचन मंदावते व अॅड्रेनॅलिनबाबत त्याला संवेदनशील करते. आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन यांत हा दुसरा दोष बराच कमी आहे. मात्र रक्तवाहिन्या सैलावल्याने रक्तदाब उतरतो.

भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून हा प्रश्न येथे अधिक जिव्हाळ्याचा ठरतो. अशा रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू घटल्यास तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात. येथे श्वास व रक्ताभिसरण या दोहोंतील कोणतीही ढिलाई परवडत नाही.

निष्कर्ष :
श्वासावर अखंड लक्ष ठेवावे, ही हैदराबादची शिकवण आजही खरी आहे. नाडीकडे दुर्लक्ष केले तरी चालेल, हा तिचा दुसरा भाग मात्र प्राणघातक होता. श्वास आणि हृदय हे एकाच साखळीचे दुवे आहेत. भुलेखालील रुग्ण स्वतः तक्रार करू शकत नाही. त्यामुळे दोन्ही दुव्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी भूल देणाऱ्यावरच येते, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.