पाच ग्लायसीनांचा सेतू : फेम विकरांची कुळकथा

जिवाणूच्या पेशीभित्तिकेचे मुख्य द्रव्य पेप्टिडोग्लायकन हे असून, त्यात शर्करांच्या लांब साखळ्या आणि त्या साखळ्यांना ठरावीक अंतराने जोडलेली, चार-पाच अमिनो आम्लांची आखूड पेप्टाइडे असतात. शेजारशेजारची पेप्टाइडे एकमेकांना सांधली गेली, तरच या साखळ्यांचे जाळे बनते आणि पेशीच्या आतला दाब सोसण्याचे बळ भित्तिकेला येते. ई. कोलायसारख्या जिवाणूत हा सांधा थेट असतो. परंतु गळवांपासून रक्तातील जीवघेण्या संसर्गापर्यंत अनेक रोगांना कारण होणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूत दोन पेप्टाइडांच्या मध्ये पाच ग्लायसीनांचा एक सेतू असतो. पेप्टाइडात तिसऱ्या स्थानी असलेल्या लायसीन या अमिनो आम्लाला दोन अमिनो गट असतात. त्यांपैकी एक मुख्य साखळीत गुंतलेला असतो आणि दुसरा बाजूला मोकळा राहतो. सेतू या मोकळ्या गटापासून निघत असल्यामुळे पेप्टाइडाला फांदी फुटते, आणि ही फांदी घडवणारी जी विकरे आहेत, त्यांना आज फेम कुळातील विकरे म्हणतात.

या विकरांचे कार्य त्यांच्या नावापेक्षा बरेच आधी नजरेस आले होते. जॅक स्ट्रॉमिंजर यांच्या प्रयोगशाळेतून १९६५ साली मात्सुहाशी, डीट्रिच आणि स्ट्रॉमिंजर यांनी असे दाखवले, की सेतूतील ग्लायसीन हे वाहक आरएनएवर, म्हणजे प्रथिने बनताना रायबोसोमपर्यंत अमिनो आम्ले वाहून नेणाऱ्या रेणूवर, बसून येते. वाहक आरएनएचे काम म्हणजे प्रथिननिर्मिती, अशी त्या काळची समजूत होती. येथे मात्र रायबोसोमचा आणि जनुकीय संदेशाचा काहीही संबंध नसताना तोच रेणू भित्तिकेच्या कामाला लागलेला होता. शिवाय ही जोडणी तयार भित्तिकेवर होत नाही. पेशीपटलातील एका मेदयुक्त वाहकाला टांगलेल्या, अजून पटलाच्या आतल्या बाजूस असलेल्या अर्धवट घटकावर ती होते. पुढे असेही आढळले, की ग्लायसीने एकेक करून बसतात आणि त्यांचा क्रम प्रथिनांच्या उलट असतो. रायबोसोमवर वाढत्या साखळीच्या कार्बॉक्सिल टोकाला नवे अमिनो आम्ल जोडले जाते, तर सेतू अमिनो टोकाकडे वाढत जातो, कारण प्रत्येक नवे ग्लायसीन आधीच्या ग्लायसीनाच्या मोकळ्या अमिनो गटावर येऊन बसते. जीवरसायनशास्त्राच्या दृष्टीने हा शोध मोठाच होता, पण ग्लायसीन जोडणारी विकरे कोणती आणि त्यांची जनुके कोठे आहेत, हे त्यातून कळले नाही.

त्यांचा माग लागला तो निराळ्याच वाटेने. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसांसाठी मेथिसिलिन हे प्रतिजैविक १९५९ साली आले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९६१ मध्ये, पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून त्यालाही दाद न देणाऱ्या जिवाणूंची नोंद केली. या प्रतिरोधाचे मूळ मेक-ए या परक्या जनुकात आहे, हे कालांतराने स्पष्ट झाले. पेप्टाइडे सांधणारे असे एक विकर ते जनुक बनवते, की ज्याला मेथिसिलिन सहजी चिकटत नाही. प्रश्न तेवढ्यावर मिटायला हवा होता. पण झुरिक येथील ब्रिगिटे बेर्गर-बेख्खी यांनी १९८३ साली, जनुकसंचात कोठेही घुसून तेथील जनुक निकामी करणाऱ्या टीएन५५१ या उड्या मारणाऱ्या डीएनएखंडाचा उपयोग करून, मेथिसिलिन-प्रतिरोध गमावलेले जिवाणू मिळवले, आणि त्यांत खंड घुसला होता तो प्रतिरोधाच्या मूळ जनुकापासून दूर, भलत्याच ठिकाणी. मेक-ए शाबूत, त्याचे विकरही नेहमीसारखे तयार होत असलेले, तरीही जिवाणू औषधापुढे हतबल! बिघडलेल्या जनुकांना मेथिसिलिन-प्रतिरोधास आवश्यक घटक या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून फेम हे नाव मिळाले.

१९९० नंतरच्या काही वर्षांत या उत्परिवर्तित जिवाणूंच्या भित्तिकांचे विश्लेषण झाले, तेव्हा पाव शतक वेगवेगळे चाललेले हे दोन धागे एकत्र आले. फेम-ए निकामी असेल तर सेतूत एकच ग्लायसीन सापडे, फेम-बी निकामी असेल तर तीन. यावरून दुसरे आणि तिसरे ग्लायसीन फेम-ए बसवते, चौथे आणि पाचवे फेम-बी, हे उघड झाले. पहिले ग्लायसीन बसवणारे विकर मात्र हाती येत नव्हते. ते न सापडण्याचे कारण असे, की त्याच्यावाचून हा जिवाणू जगतच नाही. १९९९ मध्ये ते जनुक ओळखले गेले आणि आज ते फेम-एक्स या नावाने प्रसिद्ध आहे. २००४ साली बॉन येथील संशोधकांनी ही तिन्ही विकरे परीक्षानळीत एकत्र आणून पाच ग्लायसीनांचा पूर्ण सेतू बांधून दाखवला.

मेक-एच्या विकराला आपले काम करण्यासाठी पूर्ण लांबीचा सेतू लागतो. तो आखूड पडला, की परके जनुक असून नसल्यासारखे होते. याच प्रकारचे चित्र न्युमोनियाच्या जिवाणूतही दिसले. तेथे फेमची भावंडे शोभणारी मुर-एम आणि मुर-एन ही विकरे ॲलनीन किंवा सेरीन यांची दोन आम्लांची फांदी बांधतात, आणि ही जनुके बंद केली असता पेनिसिलिन-प्रतिरोध नाहीसा होतो, असे फिलिपे आणि टोमाझ यांनी २००० साली दाखवले.

या कुळातील सर्वांत चतुर सदस्य मात्र एका भांडणातून पुढे आला. स्टॅफिलोकॉकसचीच एक जात लायसोस्टॅफिन नावाचे विकर बाहेर सोडते, आणि ते नेमका ग्लायसीनांचा सेतू कापून शेजारच्या जिवाणूंची भित्तिका फोडते. स्वतःच्या भित्तिकेवर ही पाळी येऊ नये म्हणून ती जात फेमसारखेच एक जादा विकर बाळगते, जे सेतूत काही ठिकाणी ग्लायसीनऐवजी सेरीन बसवते, आणि असा सेतू लायसोस्टॅफिनला कापता येत नाही. औषध म्हणून लायसोस्टॅफिनचा विचार सुरू झाला, तेव्हा त्याला पुरून उरणारे जिवाणूही प्रयोगशाळेत निपजले. त्यांनी फेम-ए बिघडवून घेऊन सेतू एका ग्लायसीनावर आणला होता, पण त्याच बिघाडापायी त्यांचा मेथिसिलिन-प्रतिरोध गेला आणि मेथिसिलिन ज्या गटात मोडते त्या जुन्या बीटा-लॅक्टम औषधांना ते पुन्हा बळी पडू लागले.