वडवणी : एचआयव्ही-एड्स आणि संस्थांचे सहकार्य

बीड जिल्ह्यातील वडवणी तालुका व भोवतालचा ऊसतोड पट्टा येथील एचआयव्ही-बाधितांची तपासणी, औषधोपचार, मुलांचा सांभाळ आणि हक्करक्षण यांसाठी सरकारी यंत्रणा व स्वयंसेवी संस्था मिळून करतात ते काम. वडवणी हे बीड–परळी रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रे बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. बाधित मुलांना सांभाळणारी इन्फंट इंडिया ही संस्था बीडजवळ पाली येथे आहे. एकाच दारी सगळे मिळत नसल्याने रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात नीट सोपवला जातो की नाही, हाच या कामाचा खरा कस आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) 1992 साली आणि महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था 1998 साली स्थापन झाली. जिल्ह्याचे काम जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक (डापकू) पाहते. 1 एप्रिल 2004 पासून मोफत एआरटी औषधे सुरू झाली; पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. 2017 पासून रक्तातील सीडी-4 (रोगप्रतिकारक) पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच औषध सुरू करतात. औषध सरकार देते. पण ते रोज घेतले जाते का, हे घरापर्यंत जाऊन पाहणे संस्थांचे कार्यकर्ते आणि स्वतः बाधित असलेले सोबती यांच्यावर येते. 2013 पासूनच्या ‘विहान’ उपक्रमातील आधार केंद्रे याच कामासाठी निघाली.

दसरा-दिवाळीनंतर येथील मजूर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडेपर्यंत फडात राहावे लागते आणि एक दिवस चुकला तरी खाड्याचे पैसे कापले जातात. गोळ्या आणायला जायचे म्हणजे खाडा. गोळ्या कोपीत (झोपडीत) ठेवायच्या तर शेजारच्या कोपीतले काय म्हणतील ही धास्ती. म्हणून बाया बाटलीवरचा कागद खरवडून काढतात. ही अडचण एका तालुक्यातल्या एका संस्थेला सुटणारी नाही. निघण्याआधी पुढच्या महिन्यांच्या गोळ्या हातात देणे, उपचाराचे पुस्तक बरोबर आहे याची खात्री करणे आणि कारखान्याच्या भागातील केंद्राला कळवणे, ही तीन कामे झाली तरच उपचार टिकतो.

बाळाच्या बाबतीत हे आणखी नाजूक. बाधित आईच्या बाळाच्या टाचेला सहाव्या आठवड्यात सुई टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. अंतिम निदान अठराव्या महिन्यात होते. अहवाल येतो तेव्हा आई दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असू शकते. मधल्या काळात तिचा माग ठेवणारा माणूस नसेल, तर अहवाल फाइलीतच राहतो.

तोडीच्या मुलखातही जुन्या-जाणत्या संस्था आहेत. सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ आणि तिच्यातूनच 1996 मध्ये उभी राहिलेली, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पंढरपुरात मंगलताई शहा यांची ‘पालवी’. अहिल्यानगरला 1989 पासूनचे ‘स्नेहालय’. मराठवाड्यात लातूर जिल्ह्यातील हासेगावचे, रवी बापटले यांचे ‘सेवालय’ आणि दत्ता व संध्या बारगजे या दांपत्याने उभारलेले पालीचे इन्फंट इंडिया यांनी बाधित मुलांना घर दिले. एचआयव्हीशी थेट संबंध नसला तरी ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शिरूर कासार तालुक्यातील आर्वीचे ‘शांतिवन’ याच साखळीत मोजावे लागते. आईबाप तोडीला गेल्यावर मूल शाळेत राहणे हासुद्धा प्रतिबंधच आहे.

मात्र अनाथ बाधित मुलाला लगेच संस्थेत नेणे हा पहिला पर्याय नसावा. आजी-आजोबा सांभाळायला तयार असतात. नड असते ती पैशाची, प्रवासाची आणि शेजाऱ्यांच्या बोलण्याची. बालसंगोपन योजना, संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि एसटीची प्रवास सवलत त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे वसतिगृह बांधण्याइतकेच मोलाचे आहे. त्यासाठी लागणारे दाखले गोळा करताना गावात बभ्रा होऊ न देणे हे कार्यकर्त्याचे खरे कौशल्य.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार व निवास यांत भेदभाव करण्यास तो मनाई करतो. कायद्याने ठरवलेले अपवाद वगळता बाधिताची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. संस्थांनी एकमेकांकडे रुग्ण पाठवतानाही हीच अट पाळायची असते : आधी विचारायचे, मग कळवायचे. मुकादम, सरपंच किंवा शाळा यांना कळवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.

तपासणी, औषधे आणि जवळचे केंद्र यांची माहिती 1097 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मिळते.